रेडिएटरातले पाणीही झिजते: जुन्या गाडीच्या कूलिंगची सफाई



मी निवृत्त फौजी अधिकारी. नोकरीची बरीच वर्षे ईएमईमध्ये गेली, म्हणजे सैन्याच्या गाड्या, रणगाडे आणि तोफा चालू ठेवणाऱ्या कोअरमध्ये. त्यामुळे आजचे बोलणे हाताला काळे लावणारे आहे. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी आहे, वडिलांची असेल, हौसेने घेतलेली असेल किंवा रोजच्या पोटापाण्याची असेल, त्यांच्यासाठी हे बोलणे आहे. मग तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, नाहीतर डेहराडूनला.

इंजिन ऑइल बदलावे लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. टायर झिजला की डोळ्यांना दिसतो. रेडिएटरातल्या पाण्याचे मात्र आपण एकच बघतो: भरलेले आहे ना? असेल तर झाकण लावून मोकळे. माझे आजचे म्हणणे एवढेच की ते पाणी हासुद्धा गाडीचा एक सुटा भाग आहे आणि इतर भागांसारखा तोही झिजतो. फरक इतकाच की तो झिजताना दिसत नाही. काटा वर गेल्यावर कळते, आणि तोवर बहुतेक वेळा हेड गॅस्केट उडालेली असते.

बोलायला समोर एक ठराविक गाडी असली की बरे पडते. मी मारुती जिप्सी घेतो. फौजेत ती आम्ही भरपूर वापरली. सैन्याने निकाली काढलेल्या जिप्सी आज देशभर लोकांच्या दारात उभ्या आहेत, आणि ताडोबा-कान्हाच्या सफारीत तुम्ही तिच्यातच बसला असाल. माझ्याकडेही एक आहे, १३०० सीसीची, कार्ब्युरेटरवाली. तिच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. तुमची गाडी वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच. नटबोल्ट कुठे आहेत आणि एकूण किती लिटर मावते, एवढे आपापल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा.

आधी हे पाणी करते काय ते पाहू. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलिंगमधून बाहेर टाकावा लागतो. वॉटर पंप पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरते, वर हेडमध्ये जाते आणि थर्मोस्टॅटपाशी येते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, पाणी आतल्या आतच फिरते. ८२ किंवा ८८ अंशांना, जो आकडा त्याच्यावर कोरलेला असेल त्या तापमानाला, तो उघडू लागतो. मग पाणी वरच्या होजमधून रेडिएटरात जाते, थंड होते आणि खालच्या होजने परत येते.

यात रेडिएटरच्या झाकणाला लोक फक्त झाकण समजतात. तो खरा तर प्रेशरचा व्हॉल्व्ह आहे, आपल्या कुकरच्या शिट्टीचा भाऊ. झाकणावर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तितका जास्त धरून ठेवायचा. त्या दाबाखाली समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते.

याचे महत्त्व मला लडाखमध्ये नीट कळले. लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे उघड्या पातेल्यातले पाणी साधारण ८८ अंशांना उकळते. आता हिशोब करा. थर्मोस्टॅट उघडतो ८२ किंवा ८८ ला, आणि झाकणाचे रबर गेलेले असेल तर पाणी उकळणार ८८ ला. म्हणजे इंजिनात काहीही बिघाड नसताना, निव्वळ एका जुन्या रबरी वायसरमुळे गाडी चढावर वाफा सोडणार. तिथे आमचे हवालदार गाडी तापली की बॉनेट उघडून आधी झाकण तपासायचे, नंतर बाकीचे.

तिथेच थंडीचा दुसरा धडा. पाणी गोठले की जवळजवळ नऊ टक्के फुगते आणि ब्लॉक तडकवते. म्हणून पाण्यात ग्लायकॉल घालायचे. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मग कोणी म्हणेल, शंभर टक्के ग्लायकॉलच भरू की! निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठते, शिवाय पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. म्हणून 'जास्त घातले तर जास्त चांगले' हा हिशोब इथे चालत नाही. निम्मे-निम्मे हेच बहुतेक गाड्यांसाठी योग्य.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, साहेब, आमच्या नागपुरात किंवा विजयवाड्यात कशाचे आले आहे गोठणे? आम्ही साधे पाणीच घालतो.

हाच तो गैरसमज. कूलंटमध्ये ग्लायकॉलखेरीज तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे गंज रोखणारी औषधे. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबे, रेडिएटरचे झाळण हे सगळे धातू एकाच गरम पाण्यात बुडालेले असतात, आणि असे वेगवेगळे धातू एका पाण्यात आले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजू लागतो. ही औषधे धातूवर पातळ थर धरून ते थांबवतात आणि ते करताना स्वतः खर्च होतात. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, औषध संपते. म्हणून पाच वर्षांचा कूलंट दिसायला हिरवागार असतो, हायड्रोमीटरवर पासही होतो, कारण हायड्रोमीटर ग्लायकॉल मोजतो, औषध नाही. पारंपरिक प्रकारचा कूलंट साधारण दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेला नवा प्रकार पाच वर्षांच्या आसपास, असे धरून चाला. नक्की आकडा बाटलीवर असतो.

आणि साधे पाणी म्हणजे तरी कुठले? बहुतेक ठिकाणी बोअरचे. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा चुना बसतो तोच इंजिनात बसतो, आणि जिथे धातू सर्वांत गरम तिथे सर्वांत जाड बसतो, म्हणजे नेमका हेडपाशी. त्या थरातून उष्णता धातूपेक्षा कित्येक पटींनी हळू जाते. त्यामुळे बाहेर पाणी साधारण तापलेले आणि आत हेड भाजते आहे, असे होते. ॲल्युमिनियमचे हेड असे भाजले की वाकते.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी लिलावात जिप्सी घेतली होती. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेले. हेड उचलले तेव्हा पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या होत्या, गॅस्केट बसायला सपाट जागाच उरली नव्हती. सुभेदारसाहेब बराच वेळ त्या हेडकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, यात युद्ध झालेले नाही. निव्वळ दुर्लक्ष झाले आहे." पेन्शनीतून नवे हेड घ्यावे लागले.

आता प्रत्यक्ष काम. सुट्टीच्या दिवशी सकाळी धरा. अर्धा दिवस हातात ठेवा, कारण यातला बराच वेळ इंजिन गार होण्याची वाट पाहण्यात जातो.

पहिला नियम: गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही. का ते सांगतो. एकदा कॉन्व्हॉयमध्ये चढावर एक ट्रक तापला. चालक जेमतेम बावीस वर्षांचा, मागच्या गाड्या खोळंबल्या म्हणून घाबरला आणि झाकण फिरवले. दाबाखाली ११० अंशांचे पाणी उकळत नाही. दाब सुटला की त्याच क्षणी उकळते आणि तोंडावर येते. पोराची छाती, मान आणि एक हात भाजला. डोळे वाचले हे नशीब. कॉन्व्हॉय अर्धा तास थांबला असता तर काय बिघडले असते? रस्त्यात गाडी तापली तर बाजूला घ्या, बंद करा, बॉनेट उघडा आणि चहा प्या. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात नाही. घरी काम करतानाही हाच नियम. किल्ली काढून खिशात ठेवा, कारण अनेक गाड्यांत विजेवर चालणारा पंखा अचानक सुरू होतो आणि बोटे घेतो.

दुसरे: काय आहे ते आधी बघा. झाकण उघडून टॉर्च मारा. पाणी तपकिरी असेल तर गंज. वर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस असेल, तर थांबा. ते गॅस्केटचे लक्षण आहे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणे हेही तेच सांगते. अशी गाडी सफाईने बरी होत नाही, ती मिस्त्रीकडे न्यायची.

तिसरे: उपसणे. हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर करा, म्हणजे हीटरमधले पाणीही निघेल. रेडिएटरखाली रुंद घमेले ठेवा आणि तळाचा ड्रेन कॉक उघडा. जुन्या गाडीत तो जाम असतो. पाना लावून जोर करू नका, तुटेल. त्यापेक्षा खालच्या होजची क्लिप सैल करून होज सोडवा. ब्लॉकलाही ड्रेनचा बोल्ट असतो, तो निघाला तर उत्तम. बाजूची प्लास्टिकची टाकी काढून धुऊन घ्या, तळाशी चिखल असतोच.

निघालेले पाणी मोजा. हे पुढे कामाला येईल.

चौथे: खंगाळणे. थर्मोस्टॅट काढून घ्या, म्हणजे पाण्याला वाट मोकळी मिळते. सगळे बंद करून साधे स्वच्छ पाणी भरा, हीटर चालू ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, उपसा. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी कधीही ओतायचे नाही, तडा जातो. पाणी नितळ निघेपर्यंत पुन्हा तेच. साधारण तीन-चार वेळा लागते. रेडिएटर फार गाळलेला असेल तर तो सोडवून, बागेची नळी खालच्या तोंडाला लावून उलट्या दिशेने पाणी सोडा. नळ हळू सोडायचा. जुन्या रेडिएटरच्या नळ्या जोर सहन करत नाहीत.

बाजारात मिळणारा फ्लश वापरायचा तर बाटलीवर लिहिले आहे तेवढाच वेळ. संडास धुण्याचे ॲसिड टाका असे कोणी सुचवले तर हात जोडा. मघाशी सांगितले, जिप्सीचे इंजिन ॲल्युमिनियमचे. ॲसिड चुना खाईल आणि मग इंजिन खाईल.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मिस्त्री म्हणतो, "जुनी गाडी आहे, धुऊ नका, गळायला लागेल." तो खोटे बोलत नाही. कधी कधी गंजाच्या खपलीनेच भोक बुजलेले असते आणि धुतल्यावर ते उघडे पडते. पण भोक धुण्याने पडलेले नाही, ते आधीचेच आहे. ते घराच्या अंगणात कळावे की रात्री अकरा वाजता घाटात, एवढाच प्रश्न आहे. आणि गळती लागली की रेडिएटरात हळद टाकण्याचा आपल्याकडचा जुना उपाय! रानात अडकला असाल तर घरी पोहोचण्यापुरती हळद चालेल. पण जी हळद भोक बुजवते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. घरी आलात की सगळी धुऊन काढा आणि भोक झाळून घ्या.

पाचवे: रबर आणि थर्मोस्टॅट. होज दाबून बघा. कडक, भेगाळलेला किंवा लिबलिबीत असेल तर बदला. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारख्या गोल टोप्या असतात, गॅरेजमध्ये त्यांना डमी म्हणतात. त्यांच्या कडेला गंजाचे ओघळ आहेत का बघा. थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीने लटकवून पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत नीट उघडला, तर तो ठीक. नाहीतर नवा घ्या, फार महाग नसतो. 'आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही' म्हणून तो फेकून देणारे खूप आहेत. त्याने इंजिन कायम अर्धवट थंड राहते, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. बसवताना नवी गॅस्केट घाला आणि त्यावरचे हवेचे बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा.

सहावे: भरणे. इथे मोजलेले पाणी आठवा. समजा गाडीत एकूण ५ लिटर मावते आणि उपसताना साडेतीनच लिटर निघाले. म्हणजे दीड लिटर आतच आहे. म्हणून शेवटचे खंगाळणे डिस्टिल्ड वॉटरने करायचे, बॅटरीत घालतो तेच, म्हणजे आत उरते तेही स्वच्छ. आता दुकानातला तयार, आधीच पाणी मिसळलेला कूलंट साडेतीन लिटर ओतलात, तर ग्लायकॉल झाले पावणेदोन लिटर. पाच लिटरांत ते ३५ टक्के. तुम्हाला वाटते निम्मे-निम्मे, असते त्याहून बरेच कमी. म्हणून पाणी न मिसळलेला कूलंट घ्या. एकूण मापाच्या निम्मा, म्हणजे अडीच लिटर, आधी ओता. उरलेले एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. आता बरोबर ५० टक्के.

कूलंट रंगावरून निवडू नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांच्या मर्जीचे रंग, त्यांना काही पक्का नियम नाही. पुस्तिकेत सांगितलेला प्रकार बाटलीवर बघा. जपानी घराण्याच्या इंजिनांना जेआयएस के २२३४ असे लिहिलेला चालतो. आणि दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका, औषधे एकमेकांना मारतात आणि कधी कधी आत साका धरतो.

सातवे, आणि सर्वांत महत्त्वाचे: हवा काढणे. सफाईनंतर 'आता तर गाडी जास्तच तापते' असे जे होते, त्याचे कारण बहुतेक वेळा आत अडकलेली हवा असते. गाडीचे नाक थोडे चढावर ठेवा, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. हळूहळू ओता. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर गरमवर ठेवा. बुडबुडे येतील. जाड कापड घेऊन वरचा होज अधूनमधून दाबा. थर्मोस्टॅट उघडला की होज एकदम गरम होतो आणि पातळी झपकन खाली जाते. तेवढे भरा. पाणी उचंबळू लागले तर तोंडावर वाकू नका, इंजिन बंद करा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि बाजूची टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा. अर्धा तास झाला तरी बुडबुडे संपत नसतील, तर पुन्हा गॅस्केटचा संशय घ्या.

काट्यावर पूर्ण विसंबू नका. तापमानाचा सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर काटा निवांत खाली बसतो आणि इंजिन मात्र भाजत असते. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत हवा आहे असे समजा.

पहिले आठ दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी बघा. थोडी उतरेल, भरा. त्यानंतर ती स्थिर राहायला हवी. रोज उतरत असेल तर पाणी कुठेतरी जाते आहे. रस्त्यावर थेंब दिसत नसतील तर सिलिंडरात जाते आहे.

एक शेवटची आणि गंभीर गोष्ट. घमेल्यातले जुने कूलंट विष आहे. ग्लायकॉल चवीला गोड लागते, म्हणून कुत्री, मांजरे, गुरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही हाच धोका. सांडलेले लगेच धुऊन टाका. थंडपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. गटारात, विहिरीजवळ, झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि जुने ऑइल व कूलंट रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

फौजेत गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड असते, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. नवा चालक पहिले काही महिने कुरकुर करतो. रोज तेच काय बघायचे? कालच तर पाणी पाहिले! मग एखाद्या दिवशी त्याला टाकी बोटभर उतरलेली दिसते, खालच्या होजची सैल क्लिप सापडते, ती तो पक्कडीने आवळतो आणि पुढे निघतो. त्या दिवशी काहीच घडत नाही. देखभालीचा सगळा फायदा असाच असतो, जे घडले नाही त्यात. त्याची बातमी होत नाही.

तर उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडा आणि आत टॉर्च मारा. मागचा कूलंट कधी भरला ते आठवत नसेल, तर उत्तर मिळाले. नवा भरलात की तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी आठवावे लागणार नाही, आणि गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्यालाही कळेल की आधीच्या माणसाने तिची काळजी घेतली होती.

जय हिंद.